फिटच्या गोळीची रक्तातली लेव्हल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. काउंटरवर, फोनवर आणि व्हॉट्सॲपवर फिटच्या गोळ्यांबद्दल तेच ते प्रश्न वर्षानुवर्षं येत राहतात. त्यातले बहुतेक एकाच गोष्टीशी येऊन थांबतात: गोळी पोटात गेल्यावर रक्तात तिचं प्रमाण कसं चढतं आणि कसं उतरतं. म्हणून ते एकत्र लिहून काढले आहेत. कुणी या आजाराला आकडी म्हणतं, कुणी फेफरं, कुणी मिरगी. मी इथे फिट हाच शब्द ठेवला आहे. हे वाचून डोस स्वतःहून वाढवू नका, कमी करू नका आणि बंद तर मुळीच करू नका. डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, ते कळावं एवढ्यासाठी हे आहे.

१. गोळी घेतल्यावर किती वेळात ती रक्तात उतरते?

प्रत्येक औषधाची चाल वेगळी. लेव्हेटिरॅसिटॅम उपाशीपोटी घेतलं तर साधारण तासाभरात रक्तात शिगेला पोचतं. फेनिटॉइनच्या साध्या गोळीला दीड ते तीन तास लागतात, हळूहळू सुटणाऱ्या कॅप्सूलला ४ ते १२ तास. कार्बामाझेपीन आतड्यात सावकाश आणि थोडं अनियमित विरघळतं, त्याला ४ ते ८ तास धरा. व्हॅल्प्रोएटच्या बऱ्याच गोळ्यांवर जठरात न विरघळणारं आवरण असतं, त्यामुळे ती आतड्यात पोचेपर्यंत रक्तात काहीच दिसत नाही. जेवणानंतर घेतली तर गोळी जरा उशिरा चढते, पण यातल्या बहुतेक औषधांचं एकूण प्रमाण त्याने फारसं घटत नाही. रोज एकाच पद्धतीने घ्या, म्हणजे झालं.

पण शिगेला पोचली म्हणजे संरक्षण पूर्ण मिळालं, असं नाही. त्यासाठी प्रश्न ३ वाचा.

२. डॉक्टर 'लेव्हल' करा म्हणाले. लेव्हल म्हणजे काय आणि ती किती असावी?

एक मिलिलिटर रक्तद्रवात औषध किती मायक्रोग्रॅम आहे, तो आकडा म्हणजे लेव्हल. साधारण धरले जाणारे पल्ले असे: फेनिटॉइन १० ते २०, कार्बामाझेपीन ४ ते १२, व्हॅल्प्रोएट ५० ते १००, फिनोबार्बिटाल (आपल्याकडे बहुतेक जण गार्डिनल म्हणतात) १५ ते ४०, लेव्हेटिरॅसिटॅम १२ ते ४६. नव्या औषधांची लेव्हल रोजच्या उपचारात सहसा केली जात नाही. फेनिटॉइनची मात्र करावी लागते, का ते प्रश्न ८ मध्ये.

काही लॅब मायक्रोमोल प्रति लिटर या एककात आकडा देतात. फेनिटॉइनचे १० ते २० मायक्रोग्रॅम म्हणजे तिथे ४० ते ८०. एकदा एक बाई ५२ हा आकडा बघून घाबरून रडत आल्या होत्या. त्यांचा रिपोर्ट या दुसऱ्या एककातला होता, लेव्हल अगदी ठीक होती. आकड्याआधी एकक बघा.

३. परवा गोळ्या सुरू केल्या आणि आज पुन्हा फिट आली. औषध लागू पडत नाही का?

एवढ्यात तसं म्हणता येत नाही. तळाशी चीर गेलेला रांजण डोळ्यांसमोर आणा. तुम्ही रोज ठरावीक कळशा ओतता. पाणी कमी असतं तेव्हा गळतीही कमी असते. रांजण भरत जातो तसा दाब वाढतो आणि गळती वाढते. शेवटी एक दिवस असा येतो की ओतलेलं आणि गळलेलं सारखं होतं, आणि पाणी एका रेषेवर टिकतं. रक्तातल्या औषधाचंही असंच असतं. त्या रेषेपर्यंत पोचायला काही काळ जावाच लागतो.

किती काळ, हे औषध अर्धं व्हायला किती वेळ लागतो त्यावर ठरतं. डॉक्टर याला हाफ-लाइफ म्हणतात. एक हाफ-लाइफ झाली की अंतिम पातळीच्या ५० टक्के, दोन झाल्या की ७५, तीन झाल्या की ८८, चार झाल्या की ९४, पाच झाल्या की ९७ टक्के. म्हणजे पाच हाफ-लाइफ झाल्या की रांजण भरला असं समजायचं.

लेव्हेटिरॅसिटॅमची हाफ-लाइफ मोठ्या माणसात ६ ते ८ तास, म्हणून दोन दिवसांत रेषा गाठली जाते. व्हॅल्प्रोएटची ९ ते १६ तास, म्हणजे दोन ते साडेतीन दिवस. गार्डिनलची तीन ते चार दिवस. त्याचा रांजण भरायला १५ ते २० दिवस लागतात. लॅमोट्रिजिनला आठवडाभर पुरेल, पण अंगावर घातक पुरळ उठू नये म्हणून त्याचा डोसच कित्येक आठवड्यांत थोडा थोडा चढवतात, त्यामुळे तिथे धीर जास्त लागतो.

रक्तातली आजची लेव्हल ही आज सकाळच्या गोळीची नसते, मागच्या कित्येक दिवसांच्या गोळ्यांची असते. पुढच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ याच एका गोष्टीत आहे.

४. मग एवढे दिवस थांबायला वेळ नसेल तर? दवाखान्यात सलाइनमधून काय देतात?

रांजण एकदम भरतात. त्याला लोडिंग डोस म्हणतात. फिट थांबतच नसेल तर फेनिटॉइन शिरेतून किलोमागे साधारण २० मिलिग्रॅम देतात. ६० किलोच्या माणसाला १२०० मिलिग्रॅम. पण मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त वेगाने देत नाहीत, कारण रक्तदाब पडतो आणि हृदयाचा ठोका बिघडतो. म्हणजे किमान २४ मिनिटं लागणारच. 'नर्स सलाइन फार हळू सोडतेय' म्हणून भांडणाऱ्या नातेवाइकांनी एवढं ध्यानात घ्यावं. लोडिंगने भरलेली पातळी टिकवायला रोजच्या गोळ्या लागतातच.

फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर घरी वाट बघू नका, १०८ ला फोन करा. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात ती मिनिटं जातात.

५. लेव्हलसाठी रक्त कधी द्यायचं? सकाळची गोळी घेऊन की न घेता?

न घेता. रात्रीची गोळी नेहमीच्या वेळी घ्यायची, सकाळी लॅबमध्ये रक्त द्यायचं आणि मग तिथेच, बाहेरच्या बाकावर बसून, सकाळची गोळी घ्यायची. गोळी सोबत न्यायला विसरू नका. पुढच्या डोसच्या अगदी आधी रक्तात औषध सगळ्यात कमी असतं, आणि डॉक्टरांना तोच तळ बघायचा असतो.

आपल्याकडे घोटाळा होतो तो प्रवासात. खेड्यातून लोक सहाच्या एसटीला बसतात, बसताना गोळी घेतात आणि अकराला शहरातल्या लॅबमध्ये पोचतात. कार्बामाझेपीन किंवा व्हॅल्प्रोएट असेल तर तेव्हा औषध शिगेच्या आसपास असतं. रिपोर्ट 'जास्त' येतो, डोस कमी होतो आणि महिन्याने पुन्हा फिट येते. लॅबचं काहीच चुकलेलं नसतं. म्हणून फॉर्मवर दोन वेळा लिहायला सांगा: शेवटची गोळी किती वाजता घेतली आणि रक्त किती वाजता दिलं. लिहायला जागा नसली तर समासात लिहा. या दोन वेळांशिवाय आलेल्या आकड्यावरून डोस ठरवणं म्हणजे पावती न बघता हिशेब करणं.

गार्डिनलचं मात्र दिवसभरात फारसं खालीवर होत नाही, त्यासाठी रक्त कधीही दिलं तरी चालतं. आणि औषध जास्त झाल्याची शंका असेल, झोक जात असेल, ग्लानी असेल, तर सकाळची वाट न बघता तेव्हाच रक्त द्या. डोस बदलल्यावर पाच हाफ-लाइफच्या आत लेव्हल केली तर अर्धवट भरलेल्या रांजणाचं माप मिळतं.

६. सकाळची गोळी राहिली, दुपारी आठवलं. आता काय?

बहुतेक गोळ्यांच्या बाबतीत: आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका. लागोपाठ दोन-तीन डोस राहिले असतील तर डॉक्टरांना विचारूनच पुढे जा. लॅमोट्रिजिन पाच हाफ-लाइफपेक्षा जास्त काळ बंद राहिलं असेल तर पुन्हा लहान डोसपासून सुरुवात करावी लागते.

एक गोळी चुकली तर किती बिघडतं, हेही हाफ-लाइफवरच आहे. लेव्हेटिरॅसिटॅम दिवसातून दोनदा असतं. मधली एक राहिली की २४ तासांत शिगेची पातळी दहाव्या हिश्शाच्या आसपास येते. गार्डिनलची एक राहिली तर तेवढ्याच वेळात जेमतेम १६ ते २० टक्के उतरतं. म्हणून 'आमच्या आजोबांची एखादी गोळी राहिली तर काही होत नव्हतं' हा दाखला नातवाला लावू नका. आजोबांना गार्डिनल होतं, नातवाला लेव्हेटिरॅसिटॅम आहे.

७. गोळी घेतली आणि लगेच उलटी झाली. पुन्हा द्यायची का?

उलटीत अख्खी गोळी दिसली किंवा गोळी घेऊन काही मिनिटंच झाली असतील, तर सहसा पुन्हा देतात. तासाभराच्या वर गेला असेल आणि गोळी साधी असेल तर सहसा देत नाहीत. मधल्या वेळेसाठी, आणि हळू सुटणाऱ्या गोळ्यांसाठी, डॉक्टरांना फोन करा. जुलाब-उलट्या दिवसभर चालल्या तर फोनवर भागत नाही, दवाखाना गाठा; पोटात थांबत नसेल तर औषध शिरेतून द्यावं लागतं.

८. आमच्या मायला एप्टॉइनच्या रोज तीन गोळ्या होत्या. डॉक्टरांनी फक्त एक वाढवली, तर ती भिंतीला धरून चालू लागली. एका गोळीने एवढं होतं का?

होतं, आणि हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो. माझ्या धाकट्या बहिणीला असंच झालं होतं. तिचा झोक जायचा, जीभ जड झाली होती, आणि आम्ही ते अशक्तपणामुळे समजून तिला आठवडाभर ताकदीच्या सलाइन लावत होतो. लेव्हल करायचं कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही, आणि तेव्हा मी फार्मसी शिकून बाहेर पडलेला होतो.

एप्टॉइन म्हणजे फेनिटॉइन. प्रश्न ३ मधला रांजण त्याला लागू होत नाही. बाकी औषधांत पातळी वाढली की यकृत जास्त औषध मोडतं. फेनिटॉइन मोडणारी यकृताची यंत्रणा नेहमीच्या डोसलाच जवळपास पूर्ण क्षमतेने चालत असते. धरणाच्या कालव्यासारखं समजा: कालवा काठोकाठ वाहतोय, त्यातून याहून जास्त पाणी जाणार नाही, आणि वरून आवक थोडी वाढली. मग धरण चढतच जातं.

आकड्यांत सांगतो. ६० किलोच्या माणसासाठी पुस्तकी सरासरी धरून गणित केलं तर रोज ३०० मिलिग्रॅमला लेव्हल साधारण ८ येते, ३५० ला १३, आणि ४०० ला २८. पहिल्या ५० मिलिग्रॅमने ५ वाढली, पुढच्या ५० ने १५. डोस एक तृतीयांशाने वाढला आणि लेव्हल तिपटीच्या वर गेली. प्रत्येकाचं यकृत वेगळं, त्यामुळे तुमच्या घरचे आकडे हेच नसतील, पण चढाची तऱ्हा हीच. म्हणून या पल्ल्यात डोस २५-५० मिलिग्रॅमच्या पायरीने वाढवतात. आणखी एक धोका असा की पातळी जसजशी वर जाते तसतसा रेषा गाठायला लागणारा वेळही लांबतो. म्हणून गोळी वाढवल्यावर पहिला आठवडा छान जातो आणि तिसऱ्या आठवड्यात माणूस कोलमडतो. तोवर गोळी वाढवलेली कुणाच्या लक्षातही नसते.

ओळखायच्या खुणा: साधारण २० च्या वर डोळ्यांची बुबुळं बाजूला बघताना थरथरतात, ३० च्या आसपास झोक जातो आणि दारू प्यायल्यासारखी चाल होते, ४० च्या वर ग्लानी आणि गोंधळ. या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. उतरायलाही वेळ लागतो, कारण कालवा तेवढाच आहे.

९. फेनिटॉइनची लेव्हल कमी आली, पण पेशंटला तर जास्त झाल्यासारखा त्रास आहे. रिपोर्ट चुकलाय का?

आधी अल्ब्युमिन बघा. रक्तातलं सुमारे ९० टक्के फेनिटॉइन अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं. मेंदूवर काम करतं ते उरलेलं मोकळं १० टक्के, आणि नेहमीची तपासणी दोन्ही मिळून मोजते. कुपोषण, यकृताचा जुना आजार, मोठं आजारपण यांत अल्ब्युमिन घटतं, चिकटायला जागा उरत नाही, मोकळा हिस्सा वाढतो आणि एकूण आकडा फसवा कमी दिसतो.

डॉक्टर एक सूत्र वापरतात: अल्ब्युमिनला ०.२ ने गुणायचं, त्यात ०.१ मिळवायचं आणि आलेल्या उत्तराने लेव्हलला भागायचं. रिपोर्टमध्ये लेव्हल ८ आणि अल्ब्युमिन २ असेल तर ८ भागिले ०.५, म्हणजे १६. जी लेव्हल 'कमी' वाटत होती ती चांगली पल्ल्यात आहे; तिथे डोस वाढवला तर प्रश्न ८ मधली गत होते. हे सूत्र अंदाजाचं आहे आणि किडनी निकामी असेल तर जसंच्या तसं चालत नाही. मोकळ्या फेनिटॉइनची वेगळी तपासणी मिळत असेल तर ती उत्तम.

व्हॅल्प्रोएटही असंच प्रथिनाला चिकटतं. त्यासोबत ॲस्पिरिन चालू असेल तर मोकळा हिस्सा वाढतो.

१०. टेग्रिटॉलने पहिले पंधरा दिवस फिट बंद होत्या, महिन्याभराने परत आल्या. गोळ्या तर एकही चुकली नाही.

तुमच्यावर विश्वास आहे. टेग्रिटॉल म्हणजे कार्बामाझेपीन. ते स्वतःलाच मोडणारी यंत्रणा यकृतात वाढवतं. सुरुवातीला त्याची हाफ-लाइफ २५ ते ६५ तास असते. तीन ते पाच आठवड्यांत ती १२ ते १७ तासांवर येते. तोच डोस, पण लेव्हल खाली. डॉक्टरांना हे माहीत असतं, म्हणूनच ते महिन्याने परत बोलावतात आणि डोस वाढवतात. घरच्यांना वाटतं माणूस बरा आहे, कशाला जायचं एवढ्या लांब. त्या एका फेरीसाठी जा.

११. मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली. चालेल का?

मी स्वतः काउंटरच्या आत उभा असतो, तरी सांगतो: फेनिटॉइन आणि कार्बामाझेपीनच्या बाबतीत शक्यतो एकाच कंपनीची घ्या. १९६८ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनमध्ये फेनिटॉइन घेणाऱ्या अनेक पेशंटना अचानक औषध जास्त झाल्याचा त्रास सुरू झाला. डोस तोच होता. कॅप्सूलमध्ये औषधासोबत भरलेली पूड बदलली होती, कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज घातलं होतं, आणि त्यामुळे औषध रक्तात जास्त उतरू लागलं होतं. फेनिटॉइनचा कालवा आधीच काठोकाठ असल्याने (प्रश्न ८) एवढा फरकही पुरला.

स्वस्त औषध वाईट, असा याचा अर्थ नाही. जेनेरिक घ्या, पण घेतलंत की तेच धरून ठेवा. बदलावीच लागली तर डॉक्टरांना कळवा आणि बदलल्याची तारीख लिहून ठेवा. लेव्हेटिरॅसिटॅमची चाल सरळ आहे, तिथे हा धोका कमी.

१२. गिळता येत नाही म्हणून गोळी चुरून दिली तर?

नावापुढे सीआर, ईआर, एक्सआर किंवा क्रोनो असेल तर चुरू नका. बारा-चोवीस तासांत सुटायचं औषध एकदम रक्तात येतं. मधोमध रेघ असलेल्या काही गोळ्या अर्ध्या करता येतात, पण कोणत्या ते विचारून. नाकातल्या नळीतून फेनिटॉइन देत असाल तर नळीतल्या दुधा-पेजेसोबत ते नीट शोषलं जात नाही. त्याच्या आधी-नंतर तास-दोन तास नळीतून आहार थांबवतात. आणि फेनिटॉइनचं पातळ औषध असेल तर बाटली प्रत्येक वेळी खळखळून हलवा. गाळ तळाशी बसतो: पहिले आठ दिवस लेकराला पाणीदार डोस मिळतो आणि शेवटचे आठ दिवस जहाल.

१३. गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत ठेवल्या तर चालतं ना?

कार्बामाझेपीन ठेवू नका. दमट हवेत त्या गोळ्या ओलावा धरून कडक होतात आणि त्यांचा असर एक तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकतो. आपल्याकडे आठ महिने हवा कोरडी, पण पावसाळ्यात चुलीजवळच्या किंवा न्हाणीशेजारच्या फळीवर ठेवलेल्या डबीचं काही खरं नाही.

१४. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यात. फिटच्या गोळ्यांवर काही होतं का?

होतं, आणि दोन्ही दिशांनी. टीबीच्या कोर्समधलं आयसोनियाझिड फेनिटॉइन आणि कार्बामाझेपीनचं मोडणं रोखतं, म्हणजे लेव्हल चढते. त्याच कोर्समधलं रिफॅम्पिसिन उलट मोडणं वाढवतं, म्हणजे लेव्हल उतरते. कुणाचा जोर जास्त हे माणसागणिक ठरतं: ज्यांच्या शरीरात आयसोनियाझिड सावकाश मोडतं, आणि आपल्याकडे असे लोक बरेच आहेत, त्यांच्यात फेनिटॉइन चढण्याची शक्यता अधिक. रिफॅम्पिसिन व्हॅल्प्रोएट आणि लॅमोट्रिजिनलाही खाली आणतं.

म्हणून टीबीच्या दवाखान्यात फिटची चिठ्ठी दाखवा आणि फिटच्या डॉक्टरांना टीबीचं सांगा. कोर्स संपतो तेव्हाही तेवढंच सांभाळा: रिफॅम्पिसिन थांबल्यावर काही आठवड्यांत त्याचा जोर ओसरतो, आणि मधे वाढवून ठेवलेला डोस आता जास्त होतो.

१५. गजकर्णावर गोळ्या दिल्यात. त्या तरी चालतील?

फ्लुकोनाझोल असेल तर आधी विचारा, फेनिटॉइन त्याने बरंच चढतं आणि कार्बामाझेपीनही. इट्राकोनाझोल असेल तर उलटं: फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपीन त्यालाच मोडून टाकतं आणि गजकर्ण जात नाही. अँटिबायोटिकपैकी क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन कार्बामाझेपीनला चढवतात. आयसीयूत असलेल्या, व्हॅल्प्रोएट चालू असलेल्या पेशंटला मेरोपेनेम सुरू केलं तर एक-दोन दिवसांत व्हॅल्प्रोएटची लेव्हल कोसळते, आणि डोस वाढवूनही सहसा सावरत नाही. डॉक्टर तेवढ्या काळापुरतं फिटचं दुसरं औषध जोडतात. आम्लपित्ताची पातळ औषधं फेनिटॉइनपासून दोन तास लांब ठेवा.

१६. एकादशी, नवरात्र, रोजे. गोळीचं काय करायचं?

एकादशीला आणि नवरात्रात पाण्यासोबत गोळी घ्या. हरतालिकेच्या निर्जळीलाही घ्या. औषधाच्या घोटभर पाण्याने व्रत मोडतं असं मला तरी कुणी जाणत्या माणसाने सांगितलेलं नाही. रोज्यात दिवसा गोळी चालत नाही, म्हणून रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे जा. दोन वेळची गोळी सेहरी आणि इफ्तारला बसवता येते, मधलं अंतर साधारण १३-१४ तासांचं होतं. तीन वेळची असेल तर हळू सुटणाऱ्या गोळीवर आणता येतं का ते विचारा, आणि तो बदल आधी करा, म्हणजे पहिल्या रोज्याला पातळी स्थिर झालेली असेल. फिट ताब्यात नसतील तर आजाऱ्याला सूट आहे, ती घ्या.

१७. लेव्हल पल्ल्यात आहे, तरी उसाच्या फडात फिट आलीच. का?

लेव्हल हा उंबरठा आहे, भिंत नव्हे. झोप मोडली, ताप आला, दारू झाली की मेंदूचा सहन करण्याचा टप्पाच खाली येतो आणि तीच लेव्हल अपुरी पडते. ऊसतोडीच्या टोळीत रात्री-अपरात्री गाडी भरायला उठावं लागतं, पहाटे चारला फडात. दसरा-दिवाळीनंतर निघालेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात पाच-सहा महिने असतात आणि गोळ्या महिन्याच्या नेलेल्या असतात.

निघण्याआधी निदान दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या, चिठ्ठीची झेरॉक्स आणि रिकामी स्ट्रिप सोबत घ्या. तिकडच्या मेडिकलमध्ये स्ट्रिप दाखवली तर तीच गोळी मिळायची शक्यता वाढते. कोपीत (फडाजवळच्या झोपडीत) पहाटे उठल्यावर पहिली गोळी आणि रात्रीच्या भाकरीसोबत दुसरी, असं कामाला बांधून घ्या. फिट येणाऱ्याला विहिरीच्या, चुलीच्या आणि मोळी घेऊन चढायच्या फळीच्या कामावर ठेवू नका, हे मुकादमाला स्पष्ट सांगा. लपवून ठेवल्याने आजवर कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

उलटही होतं: लेव्हल पल्ल्याच्या खाली, पण दोन वर्षं एकही फिट नाही. तिथे नुसत्या आकड्यासाठी डोस वाढवायची गरज नसते.

१८. किडनीचा आजार आहे, डायलिसिस चालू आहे.

लेव्हेटिरॅसिटॅमचा सुमारे दोन तृतीयांश भाग न बदलता लघवीवाटे जातो, म्हणून किडनी कमी चालत असेल तर डोस कमी लागतो. डायलिसिसच्या चार तासांत त्याचा जवळपास अर्धा साठा धुऊन जातो. म्हणून डायलिसिसनंतर पूरक डोस देतात. तो लिहून दिलेला नसेल तर विचारा.

१९. दिवस गेलेत. गोळ्या बंद करू का?

स्वतःहून बंद करू नका. अचानक पातळी पडली की येणारी मोठी फिट आई आणि बाळ दोघांनाही घातक. व्हॅल्प्रोएट मात्र बाळाच्या वाढीला धोक्याचं आहे. ते चालू असेल तर दिवस जाण्याच्या आधीच डॉक्टरांशी बोलायला हवं, आणि दिवस गेलेच असतील तर याच आठवड्यात.

गरोदरपणात लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरॅसिटॅम शरीर भराभर बाहेर टाकतं, लेव्हल बरीच उतरते. म्हणून डॉक्टर मधेमधे लेव्हल करून डोस वाढवतात. बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांत शरीर मूळ गतीवर येतं आणि वाढवलेला डोस जास्त होतो. आपल्या रीतीत नेमकं इथेच निसटतं. डोस सासरच्या गावच्या डॉक्टरांनी वाढवलेला, बाळंतपण माहेरी, आणि तो कमी कुणी करायचा हे कुणालाच माहीत नाही. बाळंतीण चक्कर येते म्हणते, एकाचे दोन दिसतात म्हणते, घरचे म्हणतात जागरणाने होतंय. सातव्या महिन्यात माहेरी जाताना डॉक्टरांकडून लिहून घ्या: गरोदरपणाआधीचा डोस किती, आताचा किती, बाळंतपणानंतर कोणत्या दिवसापासून किती.

२०. पाळणा लांबवायला माला-एन घेते आणि फिटसाठी लॅमोट्रिजिन. महिन्यातले काही दिवस चक्कर येते आणि काही दिवस फिट. हे काय आहे?

माला-एनच्या पाकिटात २१ गोळ्या हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या असतात. हार्मोनमधला इस्ट्रोजेन लॅमोट्रिजिनची लेव्हल जवळपास निम्म्यावर आणतो. लोहाच्या सात दिवसांत इस्ट्रोजेन नसतो, तेव्हा लेव्हल पुन्हा चढते. म्हणून तीन आठवडे फिटचा धोका आणि एक आठवडा चक्कर. डॉक्टर डोस बदलतील किंवा तांबीसारखा दुसरा उपाय सुचवतील.

फेनिटॉइन, कार्बामाझेपीन किंवा गार्डिनल चालू असेल तर उलटी अडचण: ती औषधं माला-एनलाच मोडून टाकतात आणि गोळी घेत असूनही दिवस जाऊ शकतात. हे विचारायला बायका मेडिकलमध्ये गर्दी सरेपर्यंत थांबतात. थांबू नका, आशाताईंना विचारा, नाही तर चिठ्ठीवर दोन्ही गोळ्यांची नावं लिहून नुसती पुढे करा.